ई-माउंटन बाइकच्या शर्यतीत मोटरपेक्षा स्वाराचा कस लागावा, यासाठी मार्ग कसा आखावा?

प्रश्न : डिचोली_पेडल

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले चौदा-पंधरा सायकलस्वार गेली काही वर्षे पहाटे लाल मातीच्या वाटांवर माउंटन बाइक चालवतो. त्यांतल्या बहुतेकांकडे आता मोटर असलेल्या सायकली आल्या आहेत. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही आपापसांत एक शर्यत घेतली. ओळखीच्या एका भाटकारांनी (जमीनमालकांनी) आपली काजूची बागायत, तिच्या माथ्यावरचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, आणि कडेची बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढण्याची खाण, एवढी जागा आम्हाला आनंदाने वापरू दिली. एक फेरी सुमारे तीन किलोमीटरची होती, पायथ्यापासून सड्यापर्यंतची उंची साधारण ऐंशी मीटर होती आणि अशा सहा फेऱ्या मारायच्या होत्या.

शर्यत पार पडली, कोणाला दुखापत झाली नाही, पण निकाल पाहून आम्ही अस्वस्थ झालो. पहिले तिघेही नव्या, जास्त ताकदीच्या मोटरचे निघाले. आमच्यातला सर्वांत कसलेला स्वार, जो बिनमोटरच्या सायकलवर आम्हाला कधी हाती लागत नाही, तो सहावा आला. त्याने एका शब्दानेही तक्रार केली नाही, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले. फेरी आठवली की दोन जागा डोळ्यांसमोर येतात. ट्रॅक्टर नेण्यासाठी केलेली जवळपास चारशे मीटरची रुंद, सरळ आणि उभी वाट आम्ही चढ म्हणून वापरली होती. तिथे ज्याची मोटर मोठी तो प्रत्येक फेरीत पुढे निघून जाई. त्यानंतर सड्यावरचा सपाट टप्पा येई, आणि तिथे सगळे मुंग्यांच्या रांगेसारखे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास अडकून राहत. पुढच्याला गाठायची कितीही इच्छा असली तरी कोणाला काही करता येत नसे.

येत्या हंगामात आजूबाजूच्या तालुक्यांतल्या स्वारांनाही बोलावण्याचा विचार आहे. मोटरची खरी शक्ती मोजण्याची साधने आमच्यापाशी नाहीत, आणि मोटरनुसार गट पाडावेत इतके स्पर्धकही नाहीत. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, यंत्रांतला हा फरक निव्वळ मार्गाच्या आखणीने कमी करता येईल का? चढ, वळणे, सपाट पट्टे आणि उतार कसे ठेवले म्हणजे वेळेतला फरक स्वाराच्या कौशल्यातून आणि दमातून पडेल? ज्यांनी स्वतः मार्ग आखले आहेत किंवा ज्यांना या मोटरींचे गणित ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : मोटर_आणि_चाक

आपण सांगितलेल्या दोन्ही जागा नेमक्या आहेत, आणि त्या दोन्हींमागचे कारण वेगवेगळे आहे. ते वेगळे काढल्याशिवाय आखणीला हात घालू नये, म्हणून आधी थोडे गणित मांडतो.

कागदोपत्री या सगळ्या मोटरी सारख्याच असतात. २५० वॉट सातत्याची शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य बंद, हे युरोपातले आकडे आहेत; आपल्या केंद्रीय मोटर वाहन नियमांतही ज्या ई-सायकलींना मोटर वाहन मानले जात नाही त्यांच्यासाठी हेच आकडे येतात. मात्र २५० वॉट म्हणजे मोटर दीर्घकाळ न तापता देऊ शकते ती शक्ती. थोड्या वेळापुरती तीच मोटर कितीतरी अधिक देते. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटरची चौथी पिढी कमाल ६०० वॉटपर्यंत जाते, तर २०२४ मध्ये आलेली डीजेआयची अ‍ॅविनॉक्स ८५० वॉट आणि बूस्ट या जादा जोराच्या मोडमध्ये अल्पकाळ १००० वॉट देते. शर्यतीत खरा फरक पडतो तो इथे.

आता आपला ट्रॅक्टरचा चढ घेऊ. चारशे मीटर, समजा १५ टक्के, आणि स्वार व सायकल मिळून १०० किलो. स्वार पायांनी २५० वॉट देत असेल आणि मोटर ६०० वॉट, तर वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास राहतो आणि चढाला सुमारे ८२ सेकंद लागतात. तोच स्वार ८५० वॉटच्या मोटरवर बसला तर वेग २२ च्या वर जातो आणि चढ ६५ सेकंदांत संपतो. एका फेरीत सतरा सेकंद, सहा फेऱ्यांत दीड मिनिटाहून जास्त, आणि यात स्वाराचे कर्तृत्व काहीच नाही.

आपला कसलेला मित्र सहावा का आला, तेही यातच आहे. तो इतरांपेक्षा ७५ वॉट अधिक देऊ शकतो असे धरू. साध्या सायकलवर २५० च्या जागी ३२५ म्हणजे तीस टक्क्यांची आघाडी झाली. मोटरचे ६०० वॉट दोघांनाही मिळाले की तुलना ८५० आणि ९२५ यांच्यात होते आणि तीच आघाडी नऊ टक्क्यांवर येते. त्यात बॉशची ही मोटर सर्वांत वरच्या मोडमध्ये पायांच्या शक्तीच्या ३४० टक्क्यांपर्यंत साहाय्य देते, म्हणजे साधारण १७५ वॉट पायांनी दिले की ती आपल्या कमाल मर्यादेला टेकते. तेवढे तर आपले सगळेच स्वार देत असतील.

सड्यावरच्या रांगेचे कारण याच्या उलट आहे. सपाटीवर २५ च्या वेगाला कच्च्या वाटेवर जवळपास २५० वॉट लागतात आणि त्यातला मोठा वाटा मोटर उचलते. त्याच्या पुढे मोटर गप्प होते. ३० चा वेग गाठायचा तर सुमारे ३६० वॉट लागतात आणि ते सगळे पायांतून, तेही चोवीस किलोची सायकल ओढत. ही भिंत फार थोड्यांना ओलांडता येते आणि फार वेळ कोणालाच नाही. पाच टक्क्यांच्या सौम्य चढावरही हेच होते, कारण तिथे २५ च्या वेगाला लागणारे सहाशेच्या आसपास वॉट सगळ्या मोटरी भरून काढतात. म्हणजे अशा पट्ट्यावर मोटरींमधला फरक पुसला जातो हे खरे, पण स्वारांमधलाही जातो.

उरतो तिसरा प्रकार, आणि आपल्याला फेरीत जास्तीत जास्त तोच हवा. चढ इतका खडबडीत, सैल आणि वळणांचा असावा की चाकाची पकड आधी सुटेल आणि मोटरची ताकद शिल्लकच राहील. मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले की जादा २५० वॉट उपयोगाचे राहत नाहीत, उलट अपाय करतात. तिथे स्वाराने वजन किती पुढे न्यावे, पॅडल कोणत्या क्षणी हलके करावे, कोणती रेघ धरावी, हे ठरवायचे असते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पकडीची मर्यादा वजनावर अवलंबून नसते, कारण वजन वाढले की मागे खेचणारे बळ आणि चाकाची पकड दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. त्यामुळे हलका आणि जड स्वार अशा चढावर एका पातळीवर येतात.

ही कल्पना नवी नाही. एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइक शर्यतींच्या मालिकेच्या ई-बाइक गटात पॉवर स्टेज नावाचे, वेळ मोजले जाणारे अवघड चढाचे टप्पे ठेवले गेले, ते याच विचाराने. मोटरच्या शर्यतीत चांगला स्वार झाकला जातो असेही समजू नये. २०१९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट-सेंट-अ‍ॅन येथे ई-माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि पुरुषांमध्ये दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन हॅथर्ली जिंकला. त्यानेच पुढे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्रीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी बिनमोटरच्या क्रॉस-कंट्रीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला हीच ई-माउंटन बाइकची स्पर्धा जिंकलेला टॉम पिडकॉक पुढच्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक विजेता झाला.

प्रतिप्रश्न : डिचोली_पेडल

आपले मनापासून आभार. सतरा सेकंदांचा हिशेब वाचून मी आमच्या जुन्या नोंदी काढल्या, आणि आघाडीच्या दोघांमधले अंतर खरोखरच त्या चढावर वाढत गेलेले दिसते.

एक शंका मात्र आहे. चढ वळणांचा केला तर प्रत्येक वळणातून बाहेर पडताना वेग नव्याने घ्यावा लागेल, आणि वेग घेण्यातही मोठी मोटर पुढेच राहील. मग आपण एका ठिकाणचा अन्याय दुसरीकडे नेऊन ठेवतो असे होणार नाही का? दुसरे असे की, बाहेरून येणाऱ्या स्वारांपैकी कोणी २५ ची मर्यादा काढून टाकलेली सायकल आणली, तर ते आम्हाला कळणार कसे?

उत्तर : मोटर_आणि_चाक

पहिली शंका अगदी रास्त आहे. दोन वळणांमध्ये चाळीस-पन्नास मीटरचा गुळगुळीत तुकडा राहिला तर तसेच होईल. म्हणून वळणे जवळजवळ असावीत, दहा-पंधरा मीटरवर, म्हणजे वेग घेऊ लागताच ब्रेक धरावा लागतो. आणि वळणातून बाहेर पडण्याची जागा सैल मुरमाची किंवा मुळांची असावी, म्हणजे एकदम जोर दिला तर चाक घसरते. जिथे चढ मोकळा ठेवणे भागच असेल तिथे तो चार ते सहा टक्क्यांतच ठेवावा. मोठ्या मोटरला खरा वाव मिळतो तो दहा ते अठरा टक्क्यांच्या गुळगुळीत, रुंद चढावर. ती एक जात फेरीतून हद्दपार करावी. त्या दृष्टीने चढाची रचना जिन्यासारखी होते: सौम्य जोडवाट, मग वीस-पंचवीस मीटरचा खडकाळ आणि उभा टप्पा, पुन्हा जोडवाट.

दुसऱ्या शंकेवर मार्गातच उपाय ठेवता येतो. एका अरुंद वळणानंतर, जिथे प्रत्येकाला जवळपास थांबावे लागते, पाच टक्क्यांचा तीनशे मीटरचा सरळ पट्टा ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना वेळ नोंदवा. ताशी २५ ने हे अंतर कापायला ४३ सेकंद लागतात. ३० ने कापले तर ३६, पण त्या चढावर ३० चा वेग राखायला साडेसातशेहून अधिक वॉट लागतील आणि ते निव्वळ पायांतून तेवढा वेळ देणे हौशी स्वारांपैकी फार थोड्यांच्या आवाक्यात असते. स्पीडोमीटरच्या लहानसहान फरकासाठी सूट धरून चाळीस सेकंदांची रेघ आखा. ज्याची वेळ तिच्या खाली जाते त्याची सायकल तपासावी. सगळ्यांना आधी सांगून ठेवले म्हणजे कोणाचा अपमानही होत नाही.

उत्तर : सांगेची_सायकलस्वार

वरच्या चर्चेत वजनाचा उल्लेख आला, त्यावर मला स्वतःच्या अनुभवातून लिहावेसे वाटते. माझे वजन ५५ किलो आहे. मोटरच्या सायकलवर एका रुंद चढावर मी माझ्या ८५ किलोच्या सहकाऱ्याला सहज मागे टाकले होते, आणि त्या दिवशी मला झालेला आनंद नंतर गणित मांडल्यावर टिकला नाही. आम्ही दोघे दर किलोमागे साडेतीन वॉट देतो असे धरले, तर बारा किलोच्या साध्या सायकलवर एकूण वजनामागे मला २.८७ वॉट मिळतात आणि त्याला ३.०७. तो थोडा पुढे असतो, आणि आमच्या रोजच्या फेऱ्यांतही तसेच दिसते. चोवीस किलोच्या ई-बाइकवर दोघांनाही ६०० वॉट जोडले की माझे दहा होतात आणि त्याचे सव्वाआठ. म्हणजे मोटरने आमचा क्रम उलटा केला आणि वर मला वीस टक्क्यांची भेट दिली. अशा चढावरचा विजय मी माझा मानत नाही. पकडीने ठरणाऱ्या चढावर तो मिळाला तर मानेन.

पण आखणी करणाऱ्यांनी याची दुसरी बाजूही पाहावी. मार्ग अवघड करण्याच्या उत्साहात काही जण अशी जागा ठेवतात की जिथे उतरून सायकल उचलावीच लागते. चोवीस किलो म्हणजे माझ्या वजनाच्या चव्वेचाळीस टक्के, आणि त्या सहकाऱ्याच्या वजनाच्या अठ्ठावीस टक्के. तिथे कौशल्य नव्हे तर खांद्यांची ताकद मोजली जाते. चिऱ्याच्या उंच पायऱ्या चढून जाण्याचा भाग ठेवलात तर कडेने एक लांब पण चालवता येण्यासारखी वाट अवश्य ठेवा, जिला पाच-सहा सेकंद जास्त लागतील. स्वाराने उडी घ्यावी की वळसा, हे दर फेरीत स्वतः ठरवावे. माझ्या मते त्या निर्णयात शर्यतीचा अर्धा जीव असतो.

उतारांबद्दल थोडक्यात एवढेच की ते सरळ सोडलेले नसावेत. उतारावर मोटरचा संबंध उरत नाही, त्यामुळे स्वाराची पारख तिथे सर्वांत स्वच्छ होते, आणि म्हणून फेरीच्या वेळेतला निदान तिसरा हिस्सा उतारांना मिळावा असे मला वाटते.

उत्तर : चिरेखाण_ते_सडा

मी गणितातला माणूस नाही. फोंडा आणि सत्तरीच्या बाजूला सायकलच्या वाटा काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तेव्हा जमिनीबद्दल लिहितो.

आपल्या जांभ्या दगडाचे दोन स्वभाव आहेत. उघडा कातळ कोरडा असला की टायर त्याला घट्ट धरतो आणि तिथे पंचवीस टक्क्यांचा चढही निघतो. त्याच कातळावर मुरमाचे बारीक खडे पसरले की नाचणीच्या दाण्यांवर पाय ठेवल्यासारखे होते. तुमच्या चिरेखाणीत हे दोन्ही हाताशी आहे. खाणीच्या कापलेल्या कडेने तिरकी वाट काढा आणि उभा टप्पा कातळावरून न नेता कातळ आणि मुरूम आलटून पालटून येतील अशा रेघेवरून न्या. म्हणजे स्वाराला दर दोन मीटरला पॅडलवरचा जोर बदलावा लागेल. वाट अरुंद असली तरी प्रत्येक अवघड टप्प्याच्या आधी पुढे निघण्यासाठी दुहेरी जागा हवी. नाहीतर एक जण अडकला की मागच्यांची मेहनत वाया जाते, आणि तोही अन्यायच.

फेऱ्यांमागून वाट बदलते हेही ध्यानात घ्या. पंधरा जण सहा वेळा गेले की मुरूम कडेला सरकतो आणि मधली रेघ पहिल्या फेरीपेक्षा वेगळी होते. ठरावीक वेळाने एकेकाला सोडायची शर्यत असेल तर पहिल्यांदा आणि शेवटी सुटणाऱ्याला दोन निरनिराळे मार्ग मिळतात. म्हणून आदल्या दिवशी सर्वांनी सरावाच्या चार-पाच फेऱ्या मारून वाट बसवून घ्यावी आणि शर्यतीत सगळ्यांना एकत्र सोडावे.

उन्हाचे बोललेच पाहिजे. मोटर तापली की ती स्वतःहून शक्ती कमी करते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत, हळू आणि उभ्या चढावर ती लवकर तापते. कोणाची मोटर आधी थकते हे शर्यतीने ठरवू नये. सर्वांत जड चढ काजूच्या सावलीतून न्या आणि सकाळी सातच्या आत सुरुवात करा. शर्यत तासाभरात आटोपली तर बॅटरीचाही प्रश्न मिटतो: सहा फेऱ्यांत मिळून पाचशे मीटरच्या आसपास चढाई आणि अठरा किलोमीटर अंतर एवढे ५०० वॉट-तासांच्या लहान बॅटरीतही निभावते, त्यामुळे ज्याच्याकडे मोठी बॅटरी आहे त्याला फायदा उरत नाही.

हंगामाबद्दल आग्रहाने सांगतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुमारास सड्यावर जी इवलीशी फुले येतात ती कातळावरच्या बोटभर मातीत उगवतात, आणि ओल्या सड्यावरून टायर गेले की ती माती कातळापासून सुटते. पाऊस संपून सडा पूर्ण सुकल्यावरच तिथे पाय ठेवावा, आणि तोही एकाच ठरलेल्या रेघेवरून. दुसऱ्या टोकाला, काजू धरू लागला की बागायतीत बोंडे गोळा करणाऱ्यांची लगबग असते, त्यांच्या वाटेत आपण येऊ नये. डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हाच काळ मला योग्य वाटतो. कोणी जवळच्या जुन्या खनिज खाणीच्या मातीचे ढिगारे सुचवील. ते दिसायला मोहक असले तरी आतून सैल असतात आणि उतारावर कधी घसरतील याचा भरवसा नसतो. तिकडे जाऊ नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : डिचोली_पेडल

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, देव बरे करो.

काल संध्याकाळी आम्ही चौघे मोबाइलवरचे उतारमापक घेऊन बागायतीत गेलो. ट्रॅक्टरची वाट बहुतेक ठिकाणी १३ ते १६ टक्के भरली, म्हणजे हद्दपार करावी अशी जी जात वर सांगितली तीच. ती आता फेरीतून काढली आहे. तिच्या डावीकडे, खाणीच्या कडेने, चार उभे टप्पे आणि त्यांना जोडणारी सौम्य वाट अशी सातशे मीटरची नवी रेघ चुन्याने आखली. त्यातला तिसरा टप्पा चिऱ्यांच्या पायऱ्यांचा आहे आणि त्याला कडेने वळसा ठेवला आहे. सड्यावरचा सपाट पट्टा नऊशे मीटरवरून अडीचशेवर आणला, आणि सड्यावरून उतरताना पूर्वी जिथे सरळ सुटायचो तिथे आता काजूच्या झाडांमधून अकरा वळणे आहेत. तीनशे मीटरचा तपासणीचा पट्टा पायथ्याला, विहिरीच्या वळणानंतर बसतो आहे. तिथला चढ साडेचार टक्के निघाला, तो चालेल असे मी धरतो.

भाटकारांनी एकच अट घातली आहे, की खाणीच्या तळाशी साठलेल्या पाण्यावर संध्याकाळी त्यांची गुरे येतात, तेव्हा सराव चारच्या आत संपवावा. सहाव्या आलेल्या मित्राला सकाळी नवी रेघ दाखवायला घेऊन गेलो होतो. पहिल्या टप्प्यावर त्याचे चाक दोनदा घसरले. तिसऱ्या वेळी तो वर पोहोचला आणि काही न बोलता पुन्हा खाली येऊन चौथ्यांदा चढू लागला.

उत्तर : मोटर_आणि_चाक

साडेचार टक्के चालेल, फक्त विहिरीचे वळण पुरेसे अरुंद आहे ना ते पाहा, कारण तिथून कोणी वेग घेऊन बाहेर पडला तर पहिल्या पन्नास मीटरची वेळ खोटी येईल. शक्य असल्यास पहिली नोंद वळणापासून साठ मीटर पुढे घ्या, आणि उरलेल्या दोनशे चाळीस मीटरसाठी चाळीस सेकंदांची रेघ बत्तीसवर आणा.